कपाटातला जर्मेनियमचा तुकडा

बी.एस्सी. फिजिक्सला प्रवेश घेतलेल्या मुलाला आमच्याकडे लग्नात, एसटीत, पारावर एकच प्रश्न विचारला जातो: "का रं, नीट निघाली नाही का?" नीट म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पोराचे काहीतरी हुकले आणि आता ते वेळ काढतेय, असे त्याला खरोखरच वाटते. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकोणतीस वर्षे फिजिक्स शिकवले. जुलैत वर्गात येऊन बसणारा मुलगा हरल्यासारखा बसतो, हे मी दरवर्षी पाहिले. आणि पुढची तीन वर्षे आपण सगळे मिळून, म्हणजे महाविद्यालय, विद्यापीठ, सरकार आणि घरचेसुद्धा, त्याला तसेच बसू देतो. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

ती मांडण्यासाठी मला एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. २०२५चा भौतिकशास्त्राचा वुल्फ पुरस्कार तिघांना मिळून मिळाला. त्यातले एक जैनेंद्र जैन. या पुरस्काराचे वजन मोठे आहे. तो मिळालेल्या कित्येकांना पुढे नोबेलही मिळाले आहे. तरी आमच्या भागात, फिजिक्सच्या स्टाफरूममध्येसुद्धा, त्यावर दोन वाक्ये बोलली गेलेली मी ऐकली नाहीत.

जैन राजस्थानातल्या सांभरचे. जिथल्या खाऱ्या सरोवरातून मीठ निघते, ते जयपूरजवळचे सांभर. शिक्षण गावच्या सरकारी शाळेत. लहानपणी अपघातात पाय गेला. फिजिक्स शिकायची ओढ होती, पण आधी चालता येईल की नाही हाच प्रश्न होता. त्यांना उभे केले जयपूर फूटने. हा कृत्रिम पाय १९६८च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग या सरकारी रुग्णालयात तयार झाला. घडवणारे रामचंद्र शर्मा हे हाताचे कारागीर होते आणि सोबतीला डॉ. पी. के. सेठी यांच्यासारखे अस्थिरोगतज्ज्ञ होते. परदेशी कृत्रिम पाय बुटात घालायचे असत. हा रबराचा पाय अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या माणसासाठी होता. तो लावून जैन जयपूरच्या महाराजा कॉलेजात बी.एस्सी. झाले, मग एम.एस्सी.साठी आयआयटी कानपूरला गेले आणि तिथून अमेरिकेत स्टोनी ब्रुकला पीएच.डी.साठी. पुढे तिथेच शिकवले, आणि १९९८ पासून पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात आहेत.

जिद्दीच्या गोष्टी आपल्याला आवडतात आणि ही तशीच म्हणून सांगितली जाईल. जिद्द होतीच. पण मला या गोष्टीत जी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते ती वेगळी आहे. या मुलाला वाटेत जी जी दारे लागली ती सगळी उघडी होती. गावची शाळा चालू होती. सरकारी रुग्णालयाच्या आवारातून असा पाय निघत होता. शहरातल्या कॉलेजात फिजिक्स शिकवले जात होते. यातले एक दार जरी बंद असते तरी जिद्द दाराबाहेर थांबली असती, आणि आपल्याला तिचे नावही कळले नसते.

त्यांनी काय शोधले हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण त्याचा धागा आमच्या प्रयोगशाळेतल्या एका कपाटापर्यंत येतो.

१८७९ मध्ये एडविन हॉल या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने सोन्याच्या पातळ पत्र्यातून विद्युतधारा सोडली आणि पत्र्याला लंब असे चुंबकीय क्षेत्र लावले. धारा लांबीच्या दिशेने वाहत होती, तरी पत्र्याच्या दोन बाजूंमध्ये आडवा, अगदी बारीक विद्युतदाब तयार झाला. हा हॉल परिणाम. आपण चुंबकीय क्षेत्र वाढवत गेलो की हा दाब सरळ रेषेत वाढतो. शंभर वर्षे एवढेच माहीत होते. १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी अतिशय थंड केलेल्या, जवळजवळ सपाट अशा इलेक्ट्रॉनांच्या थरावर तीव्र चुंबकीय क्षेत्रात हेच मोजले, तर आलेख सरळ रेषेत जायचा सोडून जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांनी चढला. प्रत्येक पायरीचा रोध म्हणजे २५,८१२.८ ओहम भागिले एक पूर्णांक: १, २, ३. नमुना कोणताही घ्या, आकडा तोच. आज जगभर रोधाचे प्रमाण याच्यावरून ठरते. दोन वर्षांनी, १९८२ मध्ये, त्सुई, श्टोर्मर आणि गोसार्ड यांना पूर्णांकाच्या जागी एक-तृतीयांश असलेली पायरी सापडली. मग नमुने शुद्ध होत गेले तशा दोन-पंचमांश, तीन-सप्तमांश अशा पायऱ्या दिसू लागल्या. अपूर्णांकांची रांगच लागली.

एक-तृतीयांशाचा उलगडा रॉबर्ट लाफलिन यांनी १९८३ मध्ये केला. बाकीच्यांसाठीही मांडण्या होत्या, पण त्या एका मजल्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा अशा रचलेल्या होत्या. १९८९ मध्ये जैन यांनी सगळ्यांना एकाच नजरेने पाहायचे सुचवले. हे इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळत फिरतात, म्हणून प्रत्येक इलेक्ट्रॉनाने स्वतःभोवती दोन चुंबकीय भोवरे धरून ठेवले आहेत असे मानायचे. इलेक्ट्रॉन आणि त्याचे दोन भोवरे मिळून एक नवा कण, ज्याला कंपोझिट फर्मिऑन म्हणतात.

वर्गात हे सांगताना मी लेझीमचा दाखला देत असे. मिरवणुकीत लेझीम खेळणारा प्रत्येक जण हात फिरेल एवढे वर्तुळ स्वतःभोवती राखून असतो. नुसती माणसे पाहिली तर कोण कुणाला कसे चुकवतो याचा हिशोब लागत नाही. माणूस आणि त्याचे वर्तुळ मिळून एक धरले की चित्र सुटसुटीत होते, कारण एकमेकांना टाळण्याचे काम त्या वर्तुळांनीच करून टाकलेले असते. जैन यांच्या कणांचे तसेच आहे. बाहेरचे बरेचसे चुंबकीय क्षेत्र भोवऱ्यांतच खर्ची पडते आणि नव्या कणांना उरलेले थोडेच क्षेत्र जाणवते. त्या थोड्या क्षेत्रात ते फॉन क्लिट्झिंग यांच्या इलेक्ट्रॉनांसारखे साध्या पूर्णांकांच्या पायऱ्या चढतात. तेच आपल्याला बाहेरून अपूर्णांक दिसतात. दहावीतल्या पोराला ताडून पाहता येईल असा त्याचा नियम आहे: वरच्या आकड्याची दुप्पट करा, एक मिळवा, खालचा आकडा आला. १/३, २/५, ३/७, ४/९. एक मिळवण्याऐवजी वजा केला तर २/३, ३/५, ४/७. प्रयोगात ठळक दिसणारे बहुतेक अपूर्णांक या दोन ओळींत बसतात. आज त्यांना जैन मालिका म्हणतात. एवढ्या गुंतागुंतीच्या गर्दीतून इतकी सोपी ओळ निघावी, याचा आनंद मला अजून पुरत नाही.

आता कपाट. आमच्या विभागात हॉल परिणामाचा संच होता. विद्युतचुंबक, चुंबकीय क्षेत्र मोजणारा गॉसमीटर, स्थिर धारा देणारी पेटी आणि छोट्या पट्ट्यांवर डकवलेले नखाएवढे जर्मेनियमचे दोन स्फटिक. अनुदानातून आलेला. मी रुजू झालो तेव्हा तो खोक्यासकट कपाटात होता. किल्ली कुणाकडे आहे हे शोधायला दोन दिवस लागले. तपासणीची समिती यायची असली की संच टेबलावर मांडला जाई आणि समिती गेली की परत कपाटात. कारण विचारले तर उत्तर एकच मिळे: मोडला तर जबाबदारी कुणाची? मुले जर्नलमध्ये मागच्या वर्षीच्या जर्नलमधली रीडिंग्ज उतरवत. परीक्षक येत, सही करत, जात. मी यात सामील नव्हतो असे म्हणणार नाही. पहिली चार-पाच वर्षे मीही तशा जर्नलांवर सह्या केल्या आहेत, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

ही एका गावची कथा असती तर लिहिली नसती. मराठवाड्यात फिजिक्सची प्रयोगशाळा दोन्हीकडून झिजली आहे. खालून बारावीने झिजवली. राज्य मंडळाच्या बारावीत फिजिक्सचे ७० गुण लेखीचे आणि ३० प्रॅक्टिकलचे. नीटला प्रॅक्टिकल नाही. १८० मिनिटांत १८० प्रश्न, त्यातले ४५ फिजिक्सचे. साहजिकच अनेक ठिकाणी पोराचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर असते आणि पोर दोन वर्षे क्लासमध्ये. प्रॅक्टिकलचे तीस गुण न मागता मिळतात. व्हर्निअर कॅलिपरला हात न लावता बारावी झालेली मुले माझ्या वर्गात यायची. ती हुशार होती. एका मिनिटात उत्तर काढण्यात तरबेज होती. मात्र एखाद्या गोष्टीचे उत्तर आठ दिवस मिळत नाही, असा अनुभवच त्यांच्या गाठीशी नव्हता. अपूर्णांकांच्या पायऱ्या दिसल्यापासून जैन यांच्या मांडणीपर्यंत सात वर्षे गेली, तीही जगातली उत्तम डोकी त्यामागे लागलेली असताना.

लातूर पॅटर्नला, म्हणजे परीक्षेची कसून तयारी करून घेण्याच्या लातूरच्या पद्धतीला, नावे ठेवायची फॅशन आहे, ती मला मान्य नाही. तीन एकर सोयाबीनवर घर चालवणाऱ्या बापाने पोरीला डॉक्टर करायचे ठरवले तर तो शहाणपणाच करतो. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्याने कष्टाच्या जोरावर गावोगावच्या पोरांना डॉक्टर केले, ही साधी कामगिरी नाही. त्या बापाला "मूलभूत विज्ञानाकडे पाठव" असा उपदेश करायचा मला अधिकार नाही. माझे म्हणणे जी मुले त्या रांगेतून बाहेर पडतात त्यांच्याबद्दल आहे. ती हजारोंनी आहेत, आणि त्यातली पुष्कळ बी.एस्सी.ला येतात. त्यांच्यासाठी आपण काय मांडून ठेवले आहे?

वरून झिजवले ते रिकाम्या जागांनी. प्राध्यापक निवृत्त होतो, जागा भरली जात नाही, आणि त्याचे तास तासिका तत्त्वावरच्या दोघांत वाटले जातात. नेट, सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. झालेला माणूस सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी पंचवीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात शिकवतो. त्याला पैसे मिळतात तासाचे. प्रयोगाची जुळवाजुळव करण्याचे, बिघडलेला गॉसमीटर उघडून बघण्याचे, सहा वाजेपर्यंत मुलांबरोबर थांबण्याचे कुणी देत नाही. सुट्टीत तर काहीच मिळत नाही. अशा माणसाकडून जिवंत प्रयोगशाळेची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

कुणी म्हणेल, महाराजा कॉलेज म्हणजे काही तालुक्याचे कॉलेज नव्हे. खरे आहे. ते राजधानीच्या शहरातले जुने, नावाजलेले कॉलेज आहे. मग तुलना छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय विज्ञान संस्थेशी करू, बाबासाहेबांनी १९५०ला सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाशी करू, नांदेड-लातूर-परभणीच्या मोठ्या महाविद्यालयांशी करू. माझा मुद्दा बदलत नाही. अव्यवस्थेने ग्रासलेल्या धातूत इलेक्ट्रॉन कसा अडकून पडतो यावर १९७९ मध्ये अँडरसन प्रभृतींबरोबर गाजलेला निबंध लिहिणारे टी. व्ही. रामकृष्णन बनारस हिंदू विद्यापीठात शिकले. २०२२ मध्ये सांख्यिकी भौतिकीचे बोल्ट्झमान पदक मिळवणारे पहिले भारतीय दीपक धर अलाहाबाद विद्यापीठात बी.एस्सी. झाले आणि मग, जैन यांच्यासारखेच, कानपूरला एम.एस्सी.ला गेले. हे तिघेही साध्या बी.एस्सी.तून वर आले. आपण आज सगळा भर टोकांवर देतो: एका टोकाला क्लास, दुसऱ्या टोकाला आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्था आणि आयआयटी. मधली बी.एस्सी.ची पायरी मात्र निखळत चालली आहे.

जैन परदेशात गेले, त्यांचा आपल्याला काय उपयोग, असेही विचारले जाते. रामकृष्णन परत आले, बंगळूरच्या विज्ञान संस्थेत त्यांनी पिढ्या घडवल्या आणि नंतर आपल्या बनारसलाही शिकवले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बिस्मथ हा धातू एक केल्विनच्या जवळपास दोन हजाराव्या भागाइतक्या तापमानाला अतिवाहक होतो, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहू देतो, हे एस. रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. तो निबंध २०१७चा. राहणारे राहतात. पण मुळात कुणी जाण्याइतके तयार झाले तरच राहण्याचा प्रश्न येतो.

आणि मराठवाड्यात संघनित पदार्थांचे, म्हणजे पदार्थांतल्या अणू-इलेक्ट्रॉनांच्या गर्दीचे, फिजिक्स परके नाही. विद्यापीठातल्या मुलांच्या तोंडी ते "सॉलिड स्टेट" किंवा "कंडेन्स्ड मॅटर" असते, आणि आमच्या भागातल्या फिजिक्सच्या पीएच.डी. मोठ्या संख्येने याच विषयात होतात. त्यातही फेराइट, म्हणजे लोहाची चुंबकीय ऑक्साइडे. लोह, कोबाल्ट, निकेल, झिंक यांची नायट्रेट्स सायट्रिक आम्लात मिसळायची, तापवत जेली करायची, ती एका क्षणी आपोआप पेट घेते आणि भांड्यात फुगलेली राख उरते. ती मफल भट्टीत भाजायची, प्रेसखाली दाबून पेलेट करायची. हे काम स्वस्त आहे आणि आमच्या पोरांच्या हाताला ते चांगले जमते. फेराइट म्हणजे मोबाइलच्या चार्जरपासून विजेवर चालणाऱ्या गाडीपर्यंत सगळीकडे लागणारा पदार्थ.

अडते ते मोजमापापाशी. सॅम्पल इथे बनते आणि कॅरॅक्टरायझेशनला इंदूरला, मुंबईला, पुण्याला पाठवावे लागते. आलेख ईमेलने येतो. यंत्राजवळ उभे राहून "हा वळसा इथे का आला, पुन्हा बघू" असे म्हणायची संधी मुलाला मिळत नाही. मग घडते असे की कोबाल्टच्या जागी झिंकचे प्रमाण शून्य, ०.२, ०.४ असे बदलत जायचे, प्रत्येकाचा आलेख लावायचा आणि प्रबंध पुरा करायचा. असे पुष्कळ प्रबंध मी वाचले. मेहनत खरी, आकडे खरे, पण प्रश्न शोधूनही सापडत नाही. मुलांना मी दोष देत नाही. ज्याने बी.एस्सी.ला जर्नल उतरवून काढले त्याला पीएच.डी.ला अचानक प्रश्न कुठून पडणार?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या टोकांना सुमारे चाळीस किलोंचे काचेचे आरसे. आमच्याकडे लोकांना वाटते की हे आकाशाचे, ताऱ्यांचे काम. गुरुत्वीय लहरी ताऱ्यांकडून येतात हे बरोबर. पण या यंत्राच्या संवेदनक्षमतेला मर्यादा घालणाऱ्या गोष्टींत आरशावरच्या पातळ लेपातली उष्णतेची थरथर ही एक मोठी गोष्ट आहे, आणि तो प्रश्न शुद्ध सॉलिड स्टेटचा आहे: स्फटिक नसलेल्या काचेत अणू कसे हलतात, ऊर्जा कुठे जिरते. म्हणजे हिंगोलीत येणाऱ्या जगातल्या अत्यंत नाजूक यंत्राला जे फिजिक्स लागते, ते परभणी-नांदेडच्या बी.एस्सी.त शिकवायचेच फिजिक्स आहे. उद्या तिथे आमची मुले फाटकावर पहारा देतील की आत पातळ थर मोजतील, हे आजच्या प्रयोगशाळांवर ठरणार आहे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि त्यांना भव्य योजना लागत नाही. मंजूर जागा भराव्यात, निदान विज्ञान शाखेच्या आधी भराव्यात, आणि तासिकेवरच्या माणसाला प्रयोगशाळेतल्या वेळेचेही पैसे द्यावेत. विद्यापीठाच्या परीक्षेत एक प्रयोग असा ठेवावा ज्याचे उत्तर जर्नलमध्ये नाही. मराठवाड्याच्या दोन्ही विद्यापीठांनी मिळून चुंबकीय मोजमापाची आणि क्ष-किरण विवर्तनाची यंत्रे इथेच ठेवावीत आणि पदवीच्या मुलाला ती हाताळू द्यावीत. मोडली तर दुरुस्त करावीत. नव्या शैक्षणिक धोरणात चौथे वर्ष संशोधनाचे आहे, त्याचा उपयोग याहून चांगला कोणता? शिक्षकांनी पहिल्या वर्षातच मुलांना आयआयटीच्या एम.एस्सी. प्रवेशाच्या जॅम परीक्षेबद्दल सांगावे, कारण जैन गेले तीच वाट आज त्या परीक्षेतून जाते. बारावीला मंडळात वरच्या एक टक्क्यात आलेल्यांना मूलभूत विज्ञानाच्या पदवीसाठी केंद्राच्या इन्स्पायर योजनेत वर्षाला ८० हजार रुपयांची शिष्यवृत्ती आहे, हे माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना प्रवेशानंतर कळले. कुणी आधी सांगितले असते तर दोन-तीन घरांतला वाद तरी मिटला असता.

तो संच मी शेवटी कपाटाबाहेर काढला आणि लेखी दिले की मोडला तर माझ्या पगारातून घ्या. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा संध्याकाळी एकटाच बसला होता. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला, सुटीत स्वतःही कोयता धरणारा. त्याने आधी, ज्यात इलेक्ट्रॉन वाहतात त्या एन प्रकारच्या स्फटिकावर रीडिंग्ज घेतली होती, मग पी प्रकारचा लावला. मला हाक मारली.

"सर, मीटर उलटं दाखवायलंय बघा."

तारा तपासल्या. बरोबर होत्या. धारा त्याच दिशेला, चुंबक तसाच.

"मग सर, इलेक्ट्रॉन तर ऋण असतोय. ह्याच्यात हे धन कोण वाहायलंय?"

जर्मेनियममध्ये धन असे काही वाहत नसते. इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत एक जागा रिकामी राहते, आणि ती रिकामी जागाच एखाद्या धन कणासारखी सरकत जाते. तिला होल म्हणतात. गर्दीतून नवा कण जन्मतो, हीच ती कल्पना, जी पुढे कंपोझिट फर्मिऑनपर्यंत जाते. आम्ही रात्री साडेआठपर्यंत त्या प्रश्नावर बोलत बसलो. शिपायाने दोनदा येऊन दिवे घालवू का म्हणून विचारले.

तो मुलगा पुढे एम.एस्सी. झाला, सेट झाला. आज तो दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवतो. मागच्या दिवाळीत भेटला तेव्हा मी विचारले, हॉल परिणामाचा प्रयोग घेतोस का. म्हणाला, "सर, दोन्हीकडं संच हाय. कपाटात."